महिनाभर पुरणारी बाटली : मधुमेही मुलाच्या खुंटलेल्या उंचीचे एक प्रकरण

डिसेंबर म्हणजे आमच्या भागात गळीत हंगाम ऐन भरात. अशाच एका सकाळी वाळवा तालुक्यातल्या ऊसफडावरून एक जोडपे मुलाला घेऊन सांगलीत माझ्याकडे आले. मूळचे जत तालुक्यातले. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की गाव सोडायचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचे, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. मुलगा तेरा वर्षे चार महिन्यांचा. आठव्या वर्षी त्याला टाइप १ मधुमेह निघाला होता आणि तेव्हापासून तो इन्सुलिनवर होता. खुर्चीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते.

वडिलांनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एकावर रक्तातल्या आयजीएफ-१ ची, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृतात बनणाऱ्या आणि उंची वाढवणाऱ्या हार्मोनची, पातळी होती : ६२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे या वयाला चांगलीच कमी. दुसरा कागद आधी दाखवलेल्या एका ठिकाणचा. त्यावर ग्रोथ हार्मोन कमी पडत असावे, रोज एक इंजेक्शन, निदान दोन वर्षे, असा सल्ला होता. खर्चाचा आकडा ऐकून वडील मुकादमाकडे आणखी उचल मागायला गेले होते. मुकादमाने अजून हो-नाही काही सांगितले नव्हते, म्हणून मधल्या वेळात ते माझ्याकडे आले होते.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण आयजीएफ-१ कमी दिसले की ग्रोथ हार्मोन कमी असणार, ही उडी फार सहज मारली जाते. त्या दोहोंच्या मध्ये यकृत असते, इन्सुलिन असते, आणि रक्तात आयजीएफला धरून ठेवणारी बंधक प्रथिने असतात. या मुलाची उंची तिथे अडली होती. आई-वडिलांना विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहिले आहे.

तपासणीत काय दिसले

उंची १३६ सेंटीमीटर, वजन २८ किलो. त्याच्या वयाच्या भारतीय मुलांच्या वाढ-तक्त्यावर उंचीचा ठिपका सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली पडला. वडील १६६ आणि आई १५३ सेंटीमीटर, म्हणजे घरात बुटकेपणा नाही. चेहरा गोल, गाल भरलेले, हातपाय मात्र काटकुळे. पोटावर हात ठेवला तर उजव्या बरगडीखाली पाच सेंटीमीटरपर्यंत यकृत लागले, गुळगुळीत, दाबल्यावर न दुखणारे. वयात येण्याची एकही खूण नाही. वृषणांचा आकार तीन मिलिलिटर, लहान मुलाचाच. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय साडेदहा वर्षांचे भरले.

एचबीए१सी १३.२ टक्के. याचा अर्थ मागचे दोन-तीन महिने साखर सतत खूप वर होती. तरीही कीटोन वाढून शुद्ध हरपल्याचा प्रसंग पाच वर्षांत एकदाही नव्हता. ही गोष्ट मी तेव्हा नुसती नोंदवून ठेवली. तिचा अर्थ नंतर लागला.

जुनी फाइल आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. तीत तीन आकडे सापडले. आठव्या वर्षी उंची १२१. अकराव्या वर्षी १३३. आणि आज १३६. म्हणजे मधुमेह झाल्यावरही पहिली तीन वर्षे मुलगा वर्षाला चार सेंटीमीटरने वाढत होता, थोडा कमी पण वाढत होता. पुढच्या अठ्ठावीस महिन्यांत मिळून तो फक्त तीन सेंटीमीटर वाढला. ग्रोथ हार्मोनची जन्मजात कमतरता असती तर रेष अशी अकराव्या वर्षी अचानक आडवी झाली नसती.

अकराव्या वर्षी घरात काय झाले, असे विचारले. तेव्हा आजी गेली, असे आई म्हणाली. तोवर मुलगा गावात आजीजवळ राहून शाळेत जायचा आणि आजीच त्याला इन्सुलिन टोचायची. आजी गेल्यावर तो आई-बापासोबत फडावर येऊ लागला, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहू लागला, टोचणे आईकडे आले.

मी लगेच उपासमारीकडे वळले. कुपोषणातही आयजीएफ-१ पडते आणि ग्रोथ हार्मोन वर जाते. पण मुलगा दिवसाला चार-पाच भाकऱ्या खात होता, वर पाणी पाणी करत होता. थायरॉइड कमी पडले तरी उंची थांबते, आणि टाइप १ मधुमेहाच्या मुलांत थायरॉइडचा आजार अधिक आढळतो, म्हणून टीएसएच पाहिले. ते ठीक होते. गव्हाच्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी नकारार्थी आली. सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे हार्मोन, ठीक. ग्रोथ हार्मोनची एक सहज घेतलेली पातळी मात्र १४ नॅनोग्रॅम आली. हे हार्मोन दिवसभर झटक्याझटक्याने सुटते, त्यामुळे एखादी कमी पातळी काहीच सिद्ध करत नाही. पण कुठलाही उत्तेजक न देता एवढी वर आलेली पातळी एक गोष्ट नक्की सांगते : मेंदूच्या तळाशी असलेली, ग्रोथ हार्मोन सोडणारी पिट्युटरी ग्रंथी काम करते आहे, आणि जोराने करते आहे. ग्रोथ हार्मोन भरपूर असूनही आयजीएफ-१ कमी होते.

बाटली

इन्सुलिनचा डोस कागदावर सकाळी १८ आणि संध्याकाळी १२ युनिट होता, झटपट आणि सावकाश चालणाऱ्या इन्सुलिनच्या तीस-सत्तर मिश्रणाचा. दिवसाला ३० युनिट, म्हणजे किलोला एक युनिटच्या थोडे वर. एवढ्यावर एचबीए१सी तेरा येऊ नये. पोटावर एकाच जागी टोचून आलेल्या गाठी शोधल्या. बेंबीच्या डावीकडे एक छोटी गाठ होती, पण एवढा फरक पडावा इतकी मोठी नव्हती. वय वाढते आहे, गरज वाढली असेल, असे मानून मी डोस वाढवायला पेन हातात घेतले आणि आईला सांगितले, "ताई, उद्यापासून सकाळी बावीस आणि संध्याकाळी चौदा करू."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आता एक बाटली म्हैनाभर जाती. वाढीवल्यावर पुरंल का?"

माझे पेन तिथेच थांबले. भारतात मिळणाऱ्या ४० च्या शक्तीच्या बाटलीत दहा मिलिलिटर औषध असते, मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. दिवसाला ३० युनिट घेतले तर ती तेरा दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरत असेल, तर मुलाच्या अंगात कागदावरचा डोस जातच नव्हता.

"सुई दाखवा बघू तुमची," म्हटले.

तिने पदराखालच्या पिशवीतून सुती फडक्यात गुंडाळलेली सिरिंज काढली. टोपण नारिंगी होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते. तिच्यावरची एक रेघ म्हणजे एक युनिट. नारिंगी टोपणाची १०० च्या औषधासाठी. तिच्यावर एका मिलिलिटरला शंभर रेघा असतात. नारिंगी सिरिंजने ४० च्या बाटलीतून अठरा रेघा भरल्या तर ०.१८ मिलिलिटर येते, म्हणजे खरे ७.२ युनिट. बारा रेघांचे ४.८. दिवसाचे तीसऐवजी बारा युनिट. अठ्ठावीस किलोच्या मुलाला किलोमागे ०.४३ युनिट. ०.३ मिलिलिटर रोज, दहा मिलिलिटरची बाटली : तेहतीस दिवस. आईचा हिशोब अगदी बरोबर होता.

कारखान्याजवळच्या एका औषध दुकानात आजीची लाल टोपणाची सुई मिळाली नव्हती. "हीच घ्या, बारीक हाय, पोराला दुखत न्हाई," असे सांगून दुकानदाराने नारिंगी दिली. पोराला खरोखरच कमी दुखले. मग आई गावाकडेही तीच सुई मागू लागली. रेघा मात्र ती आजीने शिकवल्याप्रमाणेच मोजत होती, एकही न चुकवता, अठ्ठावीस महिने. सगळी साखर, ते यकृत, ती थांबलेली उंची एका टोपणाच्या रंगापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे बघून मला बोलवेना. मी आधी तिला एवढेच सांगितले की तुमचे मोजणे चुकलेले नाही.

थोडे इन्सुलिन असणे म्हणजे काय

बारा युनिट हे अगदीच काही नाही असे नव्हते. चरबी वितळून कीटोन तयार होणे थोड्या इन्सुलिननेही आवरते, म्हणून मुलगा कधी बेशुद्ध होऊन दवाखान्यात आला नाही. आला असता तर चूक कदाचित पहिल्याच महिन्यात सापडली असती. जगण्यापुरते इन्सुलिन होते, वाढण्यापुरते नव्हते. या दोन पातळ्यांमधल्या पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या मुलांचे वर्णन फ्रान्समधल्या बोर्दोच्या पिएर मॉरिआक यांनी १९३० मध्ये केले होते : खुंटलेली उंची, मोठे यकृत, गोल चेहरा, लांबलेली पौगंडावस्था. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. म्हणजे इन्सुलिन आल्यावर आठ वर्षांतच हे चित्र दिसू लागले होते. हल्ली ते कमी दिसते, पण गेलेले नाही.

यकृत का वाढते, याचे उत्तर थोडे उलटे वाटेल असे आहे. साखर यकृताच्या पेशीत इन्सुलिनशिवायही शिरते. ती तिथे साचलेली असताना इंजेक्शनचे थोडे इन्सुलिन पोचले की तिचे ग्लायकोजेन होऊन बसते. उपाशी पेशींचे शरीर आणि साखरेने ठासलेले यकृत, असे दोन्ही एकाच मुलात.

आता उंचीकडे येते.

ग्रोथ हार्मोन हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेवर स्वतःही काही काम करते, पण वाढीचा मोठा भाग ते आयजीएफ-१ करवी करवून घेते. हे पहिल्यांदा ध्यानात आले १९५७ मध्ये. सॅमन आणि डॉघडे यांनी पिट्युटरी काढलेल्या उंदरांच्या कूर्चेवर प्रयोग केले. ग्रोथ हार्मोन थेट कूर्चेवर टाकले तर तिच्यात सल्फेट (कूर्चा वाढत असल्याची खूण) फारसे शिरेना; पण ग्रोथ हार्मोन टोचलेल्या उंदराच्या रक्तातला द्रव टाकला की शिरू लागले. म्हणजे मध्ये कुणीतरी निरोप्या होता. त्याची ७० अमिनो आम्लांची साखळी पुढे १९७८ मध्ये उलगडली. रक्तातले बहुतेक आयजीएफ-१ यकृत बनवते.

आणि ते रक्तात मोकळे जवळजवळ नसतेच. एक टक्क्याहूनही कमी मोकळे. बाकीचे सहा प्रकारच्या बंधक प्रथिनांनी धरलेले असते. सगळी सहा इथे सांगत बसत नाही. या मुलाला समजून घ्यायला दोन पुरतात.

पहिले, आयजीएफबीपी-३. हे आयजीएफला धरते, आणि एएलएस नावाचे यकृतातलेच तिसरे प्रथिन येऊन त्या जोडीला चिकटते. तिघांचा मिळून एवढा मोठा गोळा होतो की तो रक्तवाहिनीबाहेर सहज पडत नाही. मोकळे आयजीएफ काही मिनिटांत नाहीसे होते. या गोळ्यातले बारा-पंधरा तास टिकते. सांगलीकरांना हरिपूरची हळदीची पेवे आठवतील. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड बंद केलेले, आत हळद वर्षानुवर्षे न किडता राहायची. महापुरांनी त्यातली बरीच निकामी केली. आयजीएफबीपी-३ चा हा गोळा म्हणजे रक्तातले पेव. ते भरायचे काम ग्रोथ हार्मोनचे : आयजीएफ-१, आयजीएफबीपी-३ आणि एएलएस, तिन्ही त्याच्या हुकमाने वाढतात. दिवसभरात या साठ्यात फारसा चढउतार होत नाही.

दुसरे, आयजीएफबीपी-१. याचा साठ्याशी संबंध नाही, हे दाराशी उभे असते. याची पातळी तासातासाला हलते. रात्रभर पोट रिकामे राहिले की सकाळी ती कित्येक पट वर गेलेली असते, न्याहारी झाली की घसरते. ते जास्त असेल तेव्हा जे थोडे मोकळे आयजीएफ पेशींपर्यंत पोचले असते तेही अडवले जाते. यात शरीराचा शहाणपणा आहे. आयजीएफची ठेवण इन्सुलिनसारखीच, त्यामुळे ते साखरही उतरवू शकते. उपाशीपोटी ते मोकाट सोडणे धोक्याचे. शिवाय घरात धान्य नसताना बांधकाम काढू नये, हा साधा व्यवहार.

या दाराची दोरी कोणाच्या हातात आहे, तिथे सगळी हार्मोन्स एकत्र येतात. यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आयजीएफबीपी-१ च्या जनुकाशेजारी फॉक्सओ१ नावाचे एक प्रथिन बसलेले असते आणि ते जनुक चालू ठेवते. कॉर्टिसॉल आपल्या ग्राहकासह (रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारे प्रथिन) त्याच्याच लगतच्या जागी येऊन ते आणखी चालवते. ग्लुकागॉन हे साखर चढवणारे हार्मोन पेशीतल्या वेगळ्या वाटेने, सीएएमपी या निरोप्या रेणूमार्फत, त्याच दिशेला रेटते. म्हणजे उपवास, आजारपण, ताण, सगळ्यांचा कौल दार बंद करण्याकडे. इन्सुलिन एकटे विरुद्ध बाजूला. इन्सुलिनचा निरोप आला की फॉक्सओ१ वर फॉस्फेटची खूण लागते आणि ते केंद्रकाबाहेर हाकलले जाते. जनुक शांत होते. प्रयोगशाळेतल्या यकृत-पेशींवर हे सगळे एकत्र टाकून पाहिले तर इन्सुलिन पुरेसे असताना त्याचाच शब्द चालतो, कॉर्टिसॉल असले तरी. पण पुरेसे असताना.

या मुलाच्या यकृतात ते पुरेसे नव्हते, म्हणून दार अठ्ठावीस महिने बहुतेक वेळ लोटलेलेच राहिले असणार. 'असणार' म्हणते, कारण आयजीएफबीपी-१ ची तपासणी रोजच्या वैद्यकीत होत नाही. आम्हीही केली नाही. आयजीएफबीपी-३ केली, ती कमी आली. ते पेवाचे प्रथिन, ते का कमी? कारण ग्रोथ हार्मोनचा हुकूम ऐकायला यकृताच्या पेशीवर त्याचे ग्राहक हवेत, आणि ते ग्राहक पुरेसे उभे राहायलाही इन्सुलिन लागते. इन्सुलिन कमी तर ग्राहक कमी. मग पिट्युटरीने कितीही ओरडून सांगितले तरी यकृत बहिरे. पेव अर्धे रिकामे आणि दार बंद.

एरवी आयजीएफ-१ वर जाऊन मेंदूला सांगते की बास, आता ग्रोथ हार्मोन कमी करा. ते सांगणारेच कमी झाले, म्हणून ग्रोथ हार्मोन वाढत गेले. आणि वाढलेले ग्रोथ हार्मोन स्नायूंना व यकृताला इन्सुलिनकडे दुर्लक्ष करायला लावते, चरबी वितळवते, साखर आणखी चढवते. असलेले बारा युनिटही मग बारा युनिटांचे काम करत नाहीत. अशा मुलाला बाहेरून आणखी ग्रोथ हार्मोन टोचले असते तर बहिऱ्या यकृतापुढे आणखी एक ओरडणारा उभा केल्यासारखे झाले असते, साखर वर गेली असती आणि बापाच्या डोक्यावर उचलीचे ओझे बसले असते. हे मी त्यांना सांगितले तेव्हा वडिलांनी दोन्ही कागदांची घडी घालून ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "मग मुकादमाला न्हाई म्हणून सांगतो."

उपचार

चूक सापडली म्हणून दुसऱ्या दिवशी लाल टोपणाने पूर्ण तीस युनिट द्यायचे नव्हते. इतके महिने बारावर राहिलेल्या शरीरात ते एकदम गेले तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. दुसरा धोका डोळ्यांचा. फार काळ वर राहिलेली साखर झपाट्याने उतरवली तर डोळ्यांच्या पडद्यावरचे मधुमेहाचे दोष सुरुवातीला वाढू शकतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासातही सुरुवातीचा असा बिघाड दिसला होता, जरी दूरचा फायदा निर्विवाद होता. म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घेतला. तो स्वच्छ होता.

सात दिवस दाखल करून घेतले. खरे सोळा युनिट, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत घरी जाताना बावीस. पहिल्या आठवड्यात पायावर थोडी सूज आली. इन्सुलिन नव्याने नीट मिळू लागले की शरीर मीठ-पाणी धरून ठेवते. ती आपोआप उतरली. आईला दोन्ही टोपणांच्या सिरिंजा शेजारी ठेवून दाखवल्या, आणि त्याहून महत्त्वाचे, बाटलीवरचा '४०' हा आकडा तिच्याकडून बोटाने दाखवून घेतला. तिला अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे येतात. कोपीत फ्रिज नाही. इन्सुलिन ती एका मडक्यात दुसरे मडके ठेवून, मध्ये ओली वाळू भरून, आतल्या मडक्यात सांभाळत होती. ते बरोबर चालले होते, त्याला हात लावला नाही.

सहा आठवड्यांनी २८ युनिट. तीन महिन्यांनी मिश्रण थांबवून रात्री लांब चालणारे इन्सुलिन पेनने आणि जेवणाआधी साधे इन्सुलिन बाटलीतून, अशी घडी बसवली. यामागेही तेच दार आहे. निरोगी शरीरात स्वादुपिंडाचे इन्सुलिन आधी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत पडते, यकृत त्यातला मोठा वाटा घेते आणि उरलेले अंगभर जाते. कातडीखाली टोचलेले उलट वाटेने, सगळ्या अंगात फिरून, पातळ होऊन यकृताला मिळते. त्यामुळे साखर बरी दिसत असतानाही यकृताला इन्सुलिन तोकडेच पडते, आणि संध्याकाळचा मिश्र डोस पहाटेपर्यंत ओसरला की आयजीएफबीपी-१ पुन्हा डोके वर काढते. रात्रभर पुरणारे इन्सुलिन हवे होते ते यासाठी. टोचण्याने स्वादुपिंडाची बरोबरी कधीच होत नाही. तिच्या जेवढे जवळ जाता येईल तेवढे जायचे.

वर्षभरात

तीन महिन्यांनी एचबीए१सी ९.६. वजन साडेबत्तीस किलो. यकृत बरगडीखाली जेमतेम एक सेंटीमीटर. आयजीएफ-१ आता १८८. ग्रोथ हार्मोनचे एकही इंजेक्शन न देता.

उंचीने मात्र वाट पाहायला लावले. पहिल्या तीन महिन्यांत एकच सेंटीमीटर. वडिलांचा चेहरा उतरलेला दिसला. वजन आधी भरते, उंची मागून येते, हे मी सांगितले, पण भिंतीवरच्या पट्टीपुढे बापाला सांगून काय पटणार. सहाव्या महिन्याला तीन सेंटीमीटर झाले तेव्हा त्यांनी मुलाला पुन्हा एकदा उभे करून मोजायला लावले.

नवव्या महिन्यात आई घाबरून आली. पहाटेची साखर तीन आठवडे अडीचशेच्या वर होती. "सुई तर लालच हाय, मॅडम," म्हणून तिने टोपण पुढे केले. मी मुलाला तपासले. वृषण पाच मिलिलिटर. वयात येण्याची सुरुवात झाली होती. या काळात लैंगिक हार्मोन्समुळे ग्रोथ हार्मोनचे झटके मोठे होतात, विशेषतः रात्री, आणि ते इन्सुलिनचा जोर कमी करतात. पहाटेची साखर त्याची होती. डोस वाढवायला हवा होता, आणि वेळेत. नाहीतर वाढीच्या ऐन भरात यकृत पुन्हा तोकडे पडून दार पुन्हा लोटले गेले असते. रात्रीचे इन्सुलिन टप्प्याटप्प्याने वाढवले. पौगंडात किलोला सव्वा ते दीड युनिट लागणे नेहमीचे आहे, हे आईला आधीच सांगून ठेवायला हवे होते. ते राहिले, आणि त्या माउलीने तीन आठवडे स्वतःलाच दोष दिला. आता मी अशा प्रत्येक घराला ते पहिल्याच भेटीत सांगते.

पुढच्या डिसेंबरात, पुन्हा हंगामात, ते तिघे आले. मुलगा साखरशाळेत जात होता. एचबीए१सी ८.४, अजून हवे तितके खाली नाही. वजन साडेछत्तीस. उंची १४३.५ सेंटीमीटर, वर्षात साडेसात. हाडांचे वय खऱ्या वयाच्या अजून मागे आहे, म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. बापाइतका उंच होईल का, असे त्याने स्वतः विचारले. मी त्याला म्हटले, की गेलेले अठ्ठावीस महिने सगळे भरून निघतील असे वचन देता येत नाही, पण हाडांची टोके अजून उघडी आहेत.

जाताना आईने पिशवीतून साध्या इन्सुलिनच्या तीन रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर फोडल्याची आणि संपल्याची तारीख, मुलाच्या अक्षरात. जेवणाचे इन्सुलिन आता दिवसाला सव्वीस युनिट होते. आम्ही दोघींनी मिळून दिवस मोजले : पंधरा, सोळा, पंधरा. ते तीन आकडे मी फाइलमध्ये उंचीच्या खाली लिहून घेतले.